‘कै.’ : दगडावरच्या एका अक्षराचा इतिहास

१)
कोणी गेल्याची बातमी आली की हल्ली दोन गोष्टी पाठोपाठ येतात. आधी ‘आरआयपी’ ही तीन अक्षरे, आणि मागोमाग ती अक्षरे लिहिणाऱ्यांना दटावणारा एक संदेश. ‘ही अक्षरे पुरलेल्यांसाठी आहेत. न्यायाच्या दिवसापर्यंत थडग्यात पडून राहा, असा त्यांचा अर्थ. आपण दहन करणारे लोक. आपण हे लिहू नये,’ असा त्याचा आशय असतो. माझे मत प्रारंभीच नोंदवतो. ही दटावणी इतिहासाच्या कसोटीला उतरत नाही. परंतु तिच्या पोटात दडलेला प्रश्न मात्र खरा आहे : मृताच्या नावाआधी कोणता शब्द लिहावा, आणि तो ठरवण्याचा अधिकार कोणाचा?

२)
अहिल्यानगरहून सोलापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर कर्जत तालुक्यातले मिरजगाव लागते. तिथून कर्जत, श्रीगोंदा वा जामखेड, कोणत्याही वाटेने निघा. शेताच्या बांधावर, विहिरीपाशी, चिंचेखाली समाध्या दिसतील. त्यांवरच्या काळ्या ग्रॅनाइटच्या पाटीवर पहिले अक्षर बहुधा एकच असते : ‘कै.’ आपण ते इतक्या वेळा पाहतो की वाचतच नाही. पुष्कळ तरुणांना त्याचा विस्तार विचारला तर क्षणभर थबकायला होते. कैलासवासी, म्हणजे कैलासावर राहणारा. हा शब्द दगडावर आला कुठून? आजचा धागा त्याविषयी आहे. पण आधी त्या तीन परक्या अक्षरांचा निकाल लावू.

३)
‘आरआयपी’ हा मुळात इंग्रजीचा संक्षेपच नव्हे. ती लॅटिनमधील ‘रेक्विएस्कात इन पाचे’ या प्रार्थनेची आद्याक्षरे आहेत. अर्थ : ‘तो (किंवा ती) शांतीत विसावो.’ इंग्रजीतही आद्याक्षरे तीच जुळली, हा योगायोग. रोममधील भुयारी दफनभूमींत आरंभीच्या ख्रिस्ती लोकांच्या शिळांवर ‘शांतीत’ किंवा ‘शांतीत निजला आहे’ अशा अर्थाचे शब्द आढळतात. ‘सेमेटरी’ हा शब्दही ज्या ग्रीक शब्दापासून आला त्याचा अर्थ ‘निजण्याची जागा’. त्यातून प्रार्थना घडली, ती अंत्यविधीच्या उपासनेत रुळली, आणि तिची तीन अक्षरे समाधीशिळांवर सर्रास दिसू लागली ती बरीच उशिरा, साधारण अठराव्या शतकापासून.

४)
आता दटावणीतला पहिला दावा पाहू. ही प्रार्थना देहाला उद्देशून ‘पडून राहा’ असे सांगत नाही. ती मृताच्या आत्म्यासाठी देवाकडे केलेली मागणी आहे. म्हणूनच सोळाव्या शतकात ज्या प्रोटेस्टंट पंथांनी मृतांसाठी प्रार्थना करणे नाकारले, त्यांतील कर्मठांना ही अक्षरे खटकत. त्यांच्या मते मेलेल्याचा निवाडा देवाच्या हाती, जिवंतांनी त्यात शिफारस करू नये. थोडक्यात, ‘आरआयपी’ लिहू नका असे सांगणारे पहिले लोक आपल्याकडचे नव्हते. ते ख्रिस्तीच होते, आणि त्यांची कारणे निराळी होती.

५)
दुसरा दावा : ‘आपण पुरत नाही.’ हा तर अधिकच कच्चा. लिंगायत, गोसावी, नाथपंथी यांच्यात दफनाची परंपरा आहे. संन्याशाचे दहन होत नाही. तान्ह्या मुलांचे होत नाही. ज्ञानेश्वरांची संजीवन समाधी १२९६ सालची. मंगळवेढ्यास भिंतीखाली सापडलेल्या चोखोबांची समाधी पंढरपूरच्या महाद्वारापाशी आहे. भाषाही साक्ष देते. नगर-सोलापूर पट्ट्यात माणूस अंत्यविधीला जातो तेव्हा ‘मातीला गेलो होतो’ असे म्हणतो, मग ती माती प्रत्यक्षात चितेची का असेना. एखादी गोष्ट संपवली तर आपण तिला ‘मूठमाती’ देतो. मराठीच्या तोंडी अग्नी आणि माती दोन्ही आहेत.

६)
माती म्हटल्यावर रोमचीच एक आठवण. ख्रिस्ती होण्याआधीच्या रोमनांच्या शिळांवर चार अक्षरे असत. त्यांचा अर्थ : ‘माती तुला हलकी होवो.’ आणखी दोन अक्षरे असत, त्यांचा अर्थ ‘पितरदेवतांस’. गंमत अशी की पुढे काही ख्रिस्ती शिळांवरही ही ‘पितरदेवतांस’ वाहिलेली दोन अक्षरे आढळतात. कुटुंबाने देव बदलला, पण पाथरवटाच्या हाताला बसलेले वळण सुटले नाही. समाधीवरच्या अक्षरांचा हा स्वभाव लक्षात ठेवा : ती आधी श्रद्धा असतात, मग रिवाज होतात, आणि शेवटी नुसती नक्षी उरते. ‘कै.’च्या बाबतीत हेच घडले आहे.

७)
आता आपल्या दगडांकडे वळू. महाराष्ट्रातल्या असंख्य गावांत मारुतीच्या किंवा महादेवाच्या देवळापुढे वीरगळ उभे असतात. त्यांची रचना तळातून वर वाचायची. सर्वांत खालच्या चौकटीत युद्ध. कधी समोरासमोरची लढाई, कधी गाईगुरे सोडवताना झालेली झुंज, आणि आडवा पडलेला वीर. मधल्या चौकटीत त्याला दोन्ही बाजूंनी धरून वर नेणाऱ्या अप्सरा. सर्वांत वरच्या चौकटीत तोच वीर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला. माथ्यावर कलश, आणि बाजूला चंद्र-सूर्य : जोवर ते आहेत तोवर ही कीर्ती राहो.

८)
कर्नाटकातल्या वीरगळांवर पुष्कळदा लेखही असतो : अमुक गावचा अमुक, तमुक लढाईत पडला आणि ‘सुरलोकाला पोचला’. जिंकलास तर लक्ष्मी, मेलास तर अप्सरा, मग देहाची चिंता कशाला, अशा आशयाचा संस्कृत श्लोकही तिकडे वारंवार कोरलेला आढळतो. मराठी मुलखातले बहुसंख्य वीरगळ मात्र मुके आहेत. त्यांवर नाव नाही, साल नाही. पण वरची चौकट नीट पाहा. माणूस शिवाच्या सन्निध बसला आहे. तो आता तिथला रहिवासी झाला आहे. ज्याला अक्षर येत नव्हते त्या गावाने ‘कैलासवासी’ हा शब्द चित्राने लिहून ठेवला आहे.

९)
म्हणजे ‘कै.’ थेट वीरगळावरून उतरले का? इतका सरळ वंशवृक्ष मी मांडणार नाही. कल्पना वीरगळाची आहे, पण शब्दाची घडण दरबारातली आहे, असे माझे मत. ‘आज्ञापत्र’ हा रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेला राजनीतिपर ग्रंथ, अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातला. त्यात शिवछत्रपतींचा उल्लेख ‘थोरले कैलासवासी स्वामी’ असा येतो. मराठेशाहीच्या कागदपत्रांत ही उपाधी ठिकठिकाणी भेटते. महाराजांचा मृत्यू ३ एप्रिल १६८० रोजी झाला. त्यानंतरच्या पिढ्यांना त्यांचे नुसते नाव घेणे हे अदबीत बसणारे नव्हते.

१०)
अदबीइतकेच एक व्यावहारिक कारणही होते. घराण्यात नावे फिरून येतात. थोरल्या महाराजांचा नातू शिवाजी (पुढे शाहू म्हणून प्रसिद्ध झालेला), दुसरा नातू, राजाराम-ताराबाईंचा पुत्र, तोही शिवाजी. अशा वेळी एखाद्या वतनाची सनद नवी करताना ‘हे मूळ कोणी दिले’ हे निःसंदिग्धपणे लिहावे लागे. ‘कैलासवासी स्वामींनी दिले ते चालवावे’ असा आशय आला की दोन गोष्टी एकदम सिद्ध होत : देणारा आता हयात नाही, आणि तरीही त्याचा शब्द हयात आहे. ‘कैलासवासी’ हा शब्द शोकाचा होण्यापूर्वी कारभाराचा होता.

११)
हीच गरज मोगल दरबारालाही होती. तिथे बादशहा वारला की त्याला नवी उपाधी मिळे आणि पुढे कागदोपत्री तीच चाले. बाबर ‘फिरदौस-मकानी’, हुमायून ‘जन्नत-आशियानी’, अकबर ‘अर्श-आशियानी’, जहांगीर ‘जन्नत-मकानी’, शहाजहान ‘फिरदौस-आशियानी’. फिरदौस आणि जन्नत म्हणजे स्वर्ग, अर्श म्हणजे ईश्वराचे आसन. मकान म्हणजे घर, आशियाना म्हणजे घरटे. सगळ्यांचा गाभा एकच : स्वर्गात वस्ती असलेला. औरंगजेब ३ मार्च १७०७ रोजी अहमदनगरला वारला. त्याची उपाधी ‘खुल्द-मकान’, म्हणजे शाश्वत धामात राहणारा. ज्या रौजा गावी त्याला पुरले त्याचे नाव पुढे खुलदाबाद रूढ झाले, ते याच शब्दावरून.

१२)
मग मराठ्यांनी हे मोगलांकडून घेतले, असे कोणी म्हणेल. घाई करू नका. कंबोडियाच्या ख्मेर राजांनाही मरणोत्तर नावे मिळत. नवव्या शतकाच्या अखेरीस गादीवर आलेला यशोवर्मा ‘परमशिवलोक’ झाला, आणि बाराव्या शतकात अंकोरवाट उभारणारा दुसरा सूर्यवर्मा ‘परमविष्णुलोक’. म्हणजे एक कैलासवासी, एक वैकुंठवासी! तमिळ देशात चोळ राजांना ते जिथे वारले त्या जागेवरून ओळखत. सुंदर चोळ हा ‘सोन्याच्या महालात निजलेला देव’. इथे पुन्हा ‘निजणे’ आले, रोमच्या भुयारांतले. माणसे मरणाला सरळ नावाने हाक मारायला कचरतात. कुठे ती मेलेल्याला निजवतात, कुठे नव्या घरी राहायला पाठवतात. यात उसनवारी शोधण्यापेक्षा माणसाची सारखी गरज पाहावी, हे मला अधिक सयुक्तिक वाटते.

१३)
राजाचा शब्द रयतेच्या समाधीवर कसा आला? याची वाट पत्रव्यवहारातून आणि छापखान्यातून जाते. एकोणिसाव्या शतकात छापील मराठी वाढली, पुस्तकांच्या अर्पणपत्रिका, वर्तमानपत्रांतल्या मृत्युवार्ता, निमंत्रणपत्रिका आल्या. ‘रा. रा.’, ‘चि.’, ‘सौ.’, ‘ह. भ. प.’ यांच्या रांगेत ‘कै.’ही बसले. पूर्ण शब्दाला राजाचा रुबाब होता. संक्षेप झाल्यावर तो कोणालाही परवडू लागला. खिळे जुळवणाऱ्याला जागा वाचवायची होती, पाथरवटाला टाकीचे घाव वाचवायचे होते. छत्रपतींची उपाधी एका अक्षरात मावली आणि शेतकऱ्याच्या बांधावर पोचली. लोकशाहीचा हा एक अगदी छोटा, पण सुंदर विजय मानायला हरकत नाही.

१४)
पण एकच शब्द सर्वांना चालेना, कारण सर्वांना कैलासच हवा होता असे नाही. वारकऱ्याला वैकुंठ हवे, म्हणून ‘वै.’ लिंगायतांसाठी ‘लिंगैक्य’. तिथे राहणे नाही, एकरूप होणे आहे. जैनांचे ‘निसिधी’ दगड सल्लेखना घेतलेल्यांचे. मराठी मुसलमानांसाठी ‘पैगंबरवासी’, मराठी ख्रिस्ती लोकांसाठी ‘ख्रिस्तवासी’. शेवटचे दोन शब्द मुद्दाम पाहा. धर्म वेगळा, पण शब्दाचे घर तेच : ‘वासी’. साचा कैलासवासीचा, रहिवास आपापला. कोकणातल्या आणि मुंबईतल्या बेने इस्रायली दफनभूमींत तर एकाच शिळेवर हिब्रू आणि मराठी शेजारी नांदतात.

१५)
‘ख्रिस्तवासी’ या शब्दाला आपल्या जिल्ह्याची पार्श्वभूमी आहे. अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगरला १८३१ साली ठाणे मांडले. हे मिशन प्रोटेस्टंट. मृतांसाठी प्रार्थना न करणाऱ्या परंपरेतले. तेव्हा ‘शांतीत विसावो’ या मागणीपेक्षा ‘तो ख्रिस्ताच्या ठायी राहत आहे’ हे विधान त्या श्रद्धेशी अधिक जुळणारे. म्हणजे आपल्या शेजारचा मराठी ख्रिस्ती माणूस ‘आरआयपी’पासून दूर राहिला असेल, तर त्याला त्याच्या धर्मानेच कारण दिले होते, आणि मराठीने शब्द दिला होता. जो दटावणी पाठवतो त्याला या देवाणघेवाणीचा पत्ताही नसतो.

१६)
आता ‘कै.’ नाकारणाऱ्यांविषयी. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांतली पहिलीच ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्याची. ज्याने महेशाला देव मानायचे सोडले, त्याच्या नावाआधी मृत्यूनंतर महेशाचा पत्ता कसा लिहिणार? म्हणून महाराष्ट्रातल्या बौद्धांत ‘कालकथित’ हा शब्द रुळला. पालीतल्या ‘कालकत’शी, म्हणजे ‘ज्याने आपला काळ केला’ याच्याशी नाते सांगणारा. मराठीतला ‘काळ झाला’ हा प्रयोग त्याच्या फार दूर नाही. त्या शब्दात ना स्वर्ग आहे, ना नरक. वेळ पूर्ण झाली, एवढेच.

१७)
इथे प्रश्न निव्वळ इतिहासाचा राहत नाही. बौद्ध कार्यकर्त्याच्या स्मृतिदिनाच्या पत्रिकेवर, आयुष्यभर देव न मानणाऱ्या शिक्षकाच्या शोकसभेच्या फ्लेक्सवर सवयीने ‘कै.’ छापले जाते. छापणाऱ्याच्या मनात काही नसते. पण ज्याने जन्मभर एक भूमिका जगली, त्याची ती भूमिका त्या एका अक्षराने पुसली जाते, आणि पुसली जाते ती त्याला हरकत घेता येत नाही अशा वेळी. माझ्या मते हा अन्याय ‘आरआयपी’ लिहिण्याहून कितीतरी मोठा आहे. त्यावर मात्र कोणी संदेश फिरवत नाही.

१८)
याहून खोल रुतलेली गोष्ट स्त्रियांच्या समाध्यांवर आहे. ‘कै. सौ.’ किंवा ‘कै. गं. भा.’ यांचा अर्थ काय? पहिली नवऱ्याच्या आधी गेली, दुसरी नवऱ्याच्या नंतर. पुरुषाच्या दगडावर त्याची बायको हयात होती की नव्हती, हे सांगणारे अक्षर नसते. बाईच्या दगडावर ते नावाच्याही आधी येते. ‘सौभाग्यवती’ आणि ‘गंगाभागीरथी’ हे शब्द ऐकायला गोड आहेत. पण दोन्ही तिच्याविषयी काहीच सांगत नाहीत. दोन्ही तिच्या नवऱ्याची हजेरी मांडतात.

१९)
हेही दगडाला नवे नाही. वीरगळांच्या शेजारी सतीशिळा असतात. त्यांची खूण ठरलेली : एका खांबातून बाहेर आलेला, कोपरात वाकलेला हात, आणि मनगटात बांगड्या. चेहरा नसला तरी चालेल, बांगड्या हव्यात. कारण त्या बांगड्यांनीच सांगायचे की ही अखेरपर्यंत सौभाग्यवती राहिली. वीरगळाची वरची चौकट आज ‘कै.’ या अक्षरात उरली असेल, तर सतीशिळेवरचा तो हात ‘सौ.’ या अक्षरात उरला आहे. सतीची चाल १८२९ साली बंगाल इलाख्यात आणि पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्यात कायद्याने बंद झाली. बांगड्या भरलेला हात मात्र पाटीवर टिकून राहिला.

२०)
मिरजगावच्या वाचकांना याचे उत्तर शोधायला लांब जावे लागणार नाही. शेजारच्या जामखेड तालुक्यातले चौंडी हे अहिल्याबाई होळकरांचे जन्मगाव, जन्म १७२५. पती खंडेराव १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पडले. अहिल्याबाई सती गेल्या नाहीत. सासरे मल्हारराव यांनी त्यांना परावृत्त केले, असे परंपरा सांगते. पुढे १७६७ ते १७९५ त्यांनी राज्य केले. रूढ हिशेबाने त्या ‘गं. भा.’ होत्या. पण आज त्यांच्या नावाआधी आपण काय लिहितो? ‘पुण्यश्लोक’. ज्यांचे गुणगान पावन करणारे, असा त्याचा अर्थ. नल आणि युधिष्ठिर यांना लावलेले विशेषण. त्यात नवरा नाही, वैधव्य नाही, त्यांचे स्वतःचे कर्तृत्व आहे. २०२४ साली जिल्ह्याला त्यांचे नाव मिळाले. मग त्याच जिल्ह्यातल्या आपल्या आज्यांच्या दगडांवर अजून नवऱ्याची हजेरी का?

२१)
बदल अशक्य आहे असे म्हणू नका. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र काढणे नको, असा तो ठराव. त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही त्याचे अनुकरण करण्यास सांगितले. जिवंत स्त्रीच्या हातातल्या बांगड्या राखायचा निर्णय एक गाव घेऊ शकते, तर मेलेल्या स्त्रीच्या पाटीवरचे एक अक्षर वगळणे किती अवघड? त्याला ठरावही लागत नाही. पाटी घडवायला टाकताना घरातल्या एकाने ‘नुसते नाव लिहा’ म्हटले की झाले.

२२)
काही जण म्हणतील : मग सगळेच शब्द टाकून द्या, ‘मयत’ लिहा. हा शब्दही आपल्याकडे आहेच. तलाठ्याच्या फेरफारात ब्राह्मण असो, बौद्ध असो, मुसलमान असो, सर्वांना एकच अरबी शब्द मिळतो : मयत. सातबाऱ्यावर त्या नावाला कंस होतो आणि खाली वारसांची नावे चढतात. समता आहे, पण ती वारस नोंदीपुरती. दगड हा फेरफार नव्हे. तिथे माणसाला आपल्या माणसाविषयी काहीतरी अधिक म्हणायचे असते, आणि ते म्हणू द्यावे. माझा आग्रह एवढाच की जे म्हणायचे ते जाणून म्हणावे.

२३)
त्या दटाविणाऱ्या संदेशातला पर्यायही जरा तपासा. ‘ईश्वर मृतात्म्यास चिरशांती देवो’ हे वाक्य आपण अस्सल देशी म्हणून लिहितो. त्याची बांधणी त्या लॅटिन प्रार्थनेशी ताडून पाहा : तीच मागणी, तीच शांती. ‘श्रद्धांजली’ हा शब्द ‘तिलांजली’च्या घडणीचा. तिलांजली म्हणजे मृताला ओंजळीने दिलेले तीळमिश्रित पाणी. पण तो मूळ विधीचा शब्द आता ‘कायमचे सोडून देणे’ या अर्थाने उरला, आणि त्याचा धाकटा भाऊ प्रत्येक फ्लेक्सवर ‘भावपूर्ण’ होऊन बसला. शब्द असे वाहत असतात. त्यांच्या शुद्धतेसाठी शोकाकुल घरात भांडण नेणे हे कोणत्याच परंपरेत बसत नाही.

२४)
तेव्हा माझ्या मताचे सार. कोणी ‘आरआयपी’ लिहिले तर त्याला दटावू नये. तो आपल्या परीने दुःखच सांगत असतो. स्वतः लिहिताना मात्र तीन अक्षरांत सुटका करून घेऊ नये, मृताच्या नावाने एक पूर्ण वाक्य लिहावे. ‘कै.’ लिहायचे तर त्या माणसाला कैलास हवा होता का, हे त्याच्या घरच्यांना विचारावे. ‘सौ.’ आणि ‘गं. भा.’ दगडावर कोरू नयेत. आणि ज्याला जमेल त्याने हे सारे आपल्या हयातीतच घरात सांगून ठेवावे. आपल्या नावाआधीचा शेवटचा शब्द निवडण्याचा हक्क आपलाच असायला हवा.

२५)
आता इतिहासप्रेमी मित्रांना एक काम. या सुट्टीत आपल्या गावातले वीरगळ, सतीशिळा आणि पन्नास वर्षांहून जुन्या समाध्या मोजा. छायाचित्र सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात घ्या, झिजलेली अक्षरे तेव्हाच उठून दिसतात. दगडाची उंची-रुंदी, किती चौकटी, कोणत्या देवळापुढे, कोणत्या दिशेला तोंड, हे वहीत टिपा. दगड हलवू नका. त्यावर ऑइलपेंट, शेंदूर, खडू, पीठ काहीही चोळू नका. लेख दिसला तर जाणकाराला दाखवा, वाचनाची घाई करू नका. गावातल्या म्हाताऱ्यांना ‘हा कोणाचा?’ म्हणून विचारा. पुष्कळ वेळा दगड मुका असतो, पण गाव मुके नसते.

२६)
आणि नव्या समाध्याही टिपा. कोणत्या दगडावर ‘कै.’, कोणत्यावर ‘वै.’, कुठे ‘ख्रिस्तवासी’, कुठे ‘कालकथित’, कुठे नुसते नाव. एका तालुक्याची अशी यादी झाली तरी त्या तालुक्यातली माणसे काय मानत होती, कधी मानायची थांबली आणि बायकांना काय म्हणत होती, हे कोणत्याही जाहीर सभेपेक्षा खरे कळेल. दोनशे वर्षांनी कोणीतरी आपले दगड वाचणार आहे. वीरगळ घडवणाऱ्याला वरच्या चौकटीत काय दाखवायचे ते पक्के ठाऊक होते. आपल्याला आपल्या पाटीवरच्या पहिल्या अक्षराचा अर्थ ठाऊक असावा, एवढी अपेक्षा फार नाही.

तुमच्या गावातल्या सर्वांत जुन्या समाधीवर नावाआधी कोणता शब्द आहे? खाली लिहा. नाव-गाव खासगी असेल तर फक्त तो शब्द आणि साल पुरे.